निवटी श्रावण पाळत नाही

११ जुलै २०२५, शुक्रवार

नकाशा झाला! तीन वर्षं लागली, पण झाला एकदाचा. आज शंतनु सरांनी अख्ख्या ऑफिससमोर पडद्यावर लावला आणि म्हणाले, "सुचित्रा, हे काम आपल्या संस्थेचं नाव काढेल." मी वरवर "काय सर तुमचं" म्हटलं. आतून उड्या मारत होते.

म्हणून ही वही परत उघडली. शेवटची नोंद मार्चमधली, तीही रडगाणं. जरा चांगलंही लिहून ठेवावं माणसाने.

नकाशा निवटीचा आहे. निवटी म्हणजे तो डोळे वटारलेला चिखलातला मासा, ओहोटी लागली की पाण्याबाहेर येऊन चिखलावर टणाटण उड्या मारतो तो. शिवडीचं सगळं खाजण, म्हणजे खाडीकाठची दलदल, तुडवून ती मोजणं कुणाच्या बापाला जमणार नाही. म्हणून जिथे दिसली तिथल्या नोंदी घ्यायच्या, तिथला खारटपणा, चिखलाची खोली, पाऊस सगळं जोडायचं आणि कॉम्प्युटरला सांगायचं, हिला काय आवडतं ते शीक बाबा आणि उरलेली जागा तू रंगव. हिरवं म्हणजे असणार, लाल म्हणजे नसणार. नोंदी आमच्या बारा स्वयंसेवकांच्या आणि माझ्या. सगळी लालबाग-परळ-दादरची पोरं. कुणी ओहोटीला धक्क्यावर जातं, कुणी बाजारात कोळणीला विचारतं की आज कुठून आणलीस.

गंमत म्हणजे नकाशा महिन्यागणिक बदलतो. ऑगस्ट आणि सप्टेंबर लालभडक. सर म्हणाले, पावसाने खाडी गोडी होते, निवटी निघून जात असणार. पटलं मला. जुलैत पाऊस त्याहून जास्त असतो आणि जुलै मात्र हिरवागार आहे, पण असेल काहीतरी.

ज्या कंपनीने काम दिलं ती तर खूश आहे. त्यांना बोटींसाठी धक्क्यालगतची खाडी खोल करायचीय आणि निघालेला गाळ खाजणाच्या पट्टीवर टाकायचाय. निवटी नसते त्या दिवसांत टाकला तर कुणाचं काय जातंय? ८ सप्टेंबरला सुरू करणार म्हणे.

२३ जुलै, बुधवार

उद्या अमावस्या, पण गुरुवार आला. त्यामुळे आमच्या चाळीने गटारी आजच उरकली. आईने सकाळी सहालाच पिशवी हातात दिली. लालबागच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. दुर्गामावशी शिवडी कोळीवाड्यातून येते, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून आमची कोळीण तीच.

"घे ग सुचित्रा, सगल्याच घे. आता गनपतीपत्तुर मी दिसायची नाय."

"का? कुठे निघालीस?"

"माझगावला बसते ना श्रावनात. हितं तुम्ही सगली उपासवाली. माशा मारीत बसू?"

"पण श्रावणात निवटी असते?"

ती एवढ्याने हसली की शेजारची कोळंबीवाली वळून बघायला लागली. "ती काय तुझ्या आयशीसारखी सोमवार धरते?"

मी पिशवी घेऊन घरी आले. आईने निवटीचं तिखलं झकास केलं होतं. मी मात्र ऑगस्टचा लाल रंग आठवत बसले.

२४ जुलै, गुरुवार

रजा टाकली. नोंदी महिन्याने नाही, तारखेने लावल्या. ही अक्कल तीन वर्षांत आली नाही.

आई जुनी कॅलेंडरं टाकत नाही, कपाटामागे गुंडाळून ठेवते. ती काढली आणि लॅपटॉपशेजारी पसरली. २०२२ मध्ये निवटी गायब होते २९ जुलैला. त्या दिवशी श्रावण लागला. २०२४ मध्ये ५ ऑगस्टला, श्रावण लागला. २०२३ ला अधिक महिना होता, तेव्हा निवटीने वाट बघितली आणि १७ ऑगस्टला, निज श्रावणाच्या पहिल्या दिवशी गेली. त्या वर्षी आमच्या चाळीने गटारी दोनदा केली होती. नोंदींतही दोनदा उसळी आहे!

पाऊस नाही, खारटपणा नाही, काही नाही. माझी निवटी पंचांग बघून चालते. तीन वर्षं घालून मी निवटीचा नकाशा नाही काढला, लालबागच्या माणसांच्या उपासाचा काढला.

मनवाला फोन केला. चुणचुणीत पोरगी, सगळ्यात जास्त नोंदी तिच्या. गेल्या श्रावणात तिची आठ शून्यं आहेत.

"ताई, श्रावणात बाजारात जाऊन काय करणार? नसतेच ना. म्हणून शून्य टाकलं."

माझं डोकंच फिरलं. "गेली नव्हतीस तर 'गेले नाही' असं लिही ना! शून्य म्हणजे गेले, बघितलं, आणि नव्हती. न बघता शून्य लिहायचं म्हणजे खोटं बोलणं आहे, कळतंय का तुला?" पोरगी रडायला लागली. आई समोर वरीचे तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही, पण हात थांबला होता तिचा.

२५ जुलै, शुक्रवार

लिहायला लाज वाटते, पण इथे नाही लिहिलं तर कुठे लिहू.

गेल्या वर्षी ११, १८, २५ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर. चार रविवार, लालबाग बाजार, चार शून्यं. नोंद करणारी: सुचित्रा. चारही रविवारी मी घरात लोळत होते. एकदा तर साबुदाण्याचा वडा खाता खाता भरलं, चांगलं आठवतंय.

काल कुठल्या तोंडाने ओरडले मी त्या पोरीवर?

२८ जुलै, सोमवार

सरांना सांगितलं. पाठ करून गेले होते, तरी ततपप झालंच. माझ्या चार शून्यांचंही सांगितलं. ते शांतपणे ऐकतात, हा त्यांचा गुण. गिरगावातला माणूस, आवाज चढवणार नाही.

"सुचित्रा, श्रावण हा अहवालात लिहिण्यासारखा शब्द आहे का?"

"सर, नकाशा चुकलाय."

"चुकलाय हे सिद्ध कसं करणार? कोळीण म्हणाली म्हणून?" मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "फणसवाडीतल्या एका खोलीत सुरुवात केली मी. आज बावीस घरं यावर चालतात, त्यातलं एक तुझं. श्रावणातल्या नोंदी आण. रोजच्या, महिनाभराच्या. मी स्वतः नकाशा मागे घेईन."

मला हुरूप आला. म्हटलं, उद्यापासूनच जाते. तर संध्याकाळी टेबलावर चिठ्ठी, महिनाभर जुन्या फायली तपासायचं काम, शनिवारसकट, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. ओहोटीच्या वेळी मी फायलींत पुरलेली असणार.

याला म्हणतात गोड बोलून गळा कापणे. ठीक आहे. रविवार तर माझा आहे ना?

३ ऑगस्ट, रविवार

गेले. दुर्गामावशी कमरेला लुगडं खोचून पट्टीवर उभीच होती. मला बघून म्हणाली, "आज तू आलीस व्हय?"

"म्हणजे? रोज कोण येतं?"

"बगले येतात," म्हणाली आणि हसत सुटली. हिला कशाचंही हसू येतं.

आणि निवट्या! भर श्रावणात, डोळे वटारून, जणू मलाच विचारत होत्या, काय बाई, लाल रंगवलंस ना आम्हाला? अर्ध्या तासात सतरा मोजल्या. फोटो काढले. मावशीने बिळात कोपरापर्यंत हात घालून एक काढून दाखवली. "ही पट्टी गेली तर आमची पाच घरं काय खातील ग? कंपनीचा गाल?" असं अगदी साधं विचारलं.

घरी आले तर आईने दारातच थांबवलं. श्रावणात मासळीचा चिखल घरात नको. मोरीत बादली ठेवलेली होती. माझा पारा चढला. "तुमच्या या उपासानेच मासा मेला नकाशावर!" असं तिच्या तोंडावर बोलले. तिने टॉवेल दिला.

५ ऑगस्ट, मंगळवार

सर म्हणाले, एक रविवार म्हणजे पुरावा नाही, अपवाद आहे. बाराच्या बारा स्वयंसेवकांना फोन केले. कुणाची ढोल-ताशाची तालीम, कुणाचं मंडळाचं काम, कुणाची आई म्हणते श्रावणात मासळीच्या चिखलात जायचं नाही. मनवाने फोनच उचलला नाही. बरोबर आहे तिचं.

महिना रोज मोजणारं कुणी नाही. पण म्हणून मी गप्प बसणार असं शंतनु सरांना वाटत असेल तर ते मला ओळखत नाहीत. माझा बाप संपात गिरणीच्या गेटवर दीड वर्ष बसला होता.

११ ऑगस्ट, सोमवार

आईचं काहीतरी बिनसलंय. त्या भांडणापासून बोलते ती फक्त कामापुरतं. मात्र रोज सकाळी एक प्रश्न, "आज व्होटी कितक्याक गो?" मला वाटतं, माझ्याशी जमवून घ्यायला बघते. मी फोनमध्ये ओहोटीची वेळ बघून सांगते, सव्वादहा, अकरा, जी असेल ती.

शेजारची सीमा म्हणत होती, काकी हल्ली रोज देवळात जातात, कधी सकाळी, कधी भर दुपारी. हिचा देव वाट्टेल तेव्हा भेटतो वाटतं! चपला काळ्या चिखलाने भरलेल्या असतात. देवळाकडचा रस्ता परत खणलाय बहुतेक. या वयात घसरून पडली म्हणजे?

१५ ऑगस्ट, शुक्रवार

आज धक्काच बसला. गणपतीच्या गाडीचं तिकीट तीन महिने आधी काढलेलं, आणि आई म्हणते, "औंदा मी गावाक जावचंय नाय."

जन्मात चुकवलं नाही हिने. बाबा गेले त्या वर्षीही मालवणला गेली होती. "का ग?" तर म्हणे, "गुडघे दुखतत." देवळात जाताना दुखत नाहीत! मी डॉक्टरकडे चल म्हटलं तर अंगावर आली. माझ्यावरचा राग असा काढते. काढू दे.

२८ ऑगस्ट, गुरुवार

गाळाच्या परवानगीसाठी सुनावणीची तारीख लागली. २ सप्टेंबर, सकाळी अकरा. गौरी विसर्जनाचा दिवस! अर्धं लालबाग कोकणात, उरलेलं रांगांमध्ये आणि मंडपांत. कोळीवाडाही सणात. कोण येणार सुनावणीला? तारीख काढणारा पंचांग बघूनच काढतो, आणि वर मला सांगतात श्रावण हा शास्त्रीय शब्द नाही.

सरांनी बोलावलं. "तू माझ्या बाजूला बस. काही बोलायचं नाही. नकाशा मी मांडतो." मी हो म्हटलं. लिहूनच ठेवते, मी हो म्हटलं आणि ते खोटं होतं.

भीती वाटते का? वाटते. नोकरी जाईल, आणि नावही जाईल. खोट्या नोंदी भरणारी बाई म्हणून कोण दारात उभं करेल? पण माझ्या हातात दाखवायला आहे काय? एका रविवारचे फोटो आणि माझी स्वतःची चोरी. चोरी तर चोरी. तीच दाखवते.

२ सप्टेंबर, मंगळवार

सगळं नीट लिहायचंय.

निघताना आईने वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरळी हातात दिली. "ह्या घेऊन जा."

"काय आहे?"

"थंय जाऊन बग. उशीर व्हतलो."

मला वाटलं, देवळातला अंगारा नाहीतर स्तोत्र. लालबागच्या गर्दीतून वाट काढून टॅक्सी मिळेपर्यंत साडेदहा झाले. टॅक्सीत सुरळी उघडली.

भिंतीवरच्या कॅलेंडरची जुलै-ऑगस्टची पानं. २५ जुलैपासून २३ ऑगस्टपर्यंत, श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, प्रत्येक चौकटीत आईचं चौथी पास अक्षर. "व्होटी ९.४०. निवटी १४." "निवटी २२." "पावस. निवटी ६." खाली दुर्गामावशीची वेडीवाकडी सही, रोजची. ३ ऑगस्टच्या चौकटीत: "गेलंय नाय. चेडू गेला." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

टॅक्सीवाल्याने विचारलं, "मॅडम, सब ठीक?" मी मोठ्याने रडत होते.

हॉलमध्ये पंधरावीस माणसं. सरांनी नकाशा लावला, खारटपणा सांगितला, छान बोलले. समितीच्या अध्यक्ष मृणालिनीबाई, पांढरे केस, चष्मा कपाळावर. त्यांनी विचारलं, "कुणाची हरकत?" मी उठले. सरांनी मनगट धरलं. मी सोडवून घेतलं.

"हा नकाशा मी केलाय आणि तो चुकीचा आहे. ऑगस्टमध्ये निवटी नसते असं नाही, ऑगस्टमध्ये आम्ही बघत नाही. श्रावणात आमच्या घरांत मासळी नाही, म्हणून बाजारात कोळीण नाही, म्हणून आमच्या नोंदीत शून्य. त्यातली चार शून्यं माझी आहेत. मी बाजारात गेले नव्हते. घरी बसून भरली."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. सर उभे राहिले. "मॅडम, त्या स्वतः सांगतायत की त्यांनी खोट्या नोंदी केल्या. अशा व्यक्तीवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा. श्रावणातली सलग नोंद कुणाकडेच नाही."

"आहे," मी म्हटलं आणि कॅलेंडर टेबलावर पसरलं.

कंपनीचा माणूस हसला. सरही हसले, पण ओठांनीच. मृणालिनीबाईंनी चष्मा खाली घेतला आणि एकेक चौकट वाचली. "हे कुणी मोजलं?"

"माझ्या आईने. सुभद्रा. वय एकाहत्तर. सोबत दुर्गामावशी."

"हे चार ठिकाणी 'गेलंय नाय' काय आहे?"

"गेले नाही. त्या दिवशी ती गेली नाही."

"आणि इथे दोन दिवस शून्य आहे."

"तेव्हा गेली होती. दिसली नाही."

बाईंनी कॅलेंडर सरांकडे वळवलं. "शंतनु, तुमच्या तीन वर्षांच्या नोंदींत 'गेलो नाही' असं एकदा तरी लिहिलंय का?"

सर समोरचे कागद चाळायला लागले. बाई म्हणाल्या, "मग मी यावर जास्त विश्वास ठेवते." परवानगी थांबवली. पुढच्या श्रावणात रोज, चिखलावर उभं राहून मोजणी करायची, तोपर्यंत पट्टीवर ओंजळभरही गाळ टाकायचा नाही. माझ्या खोट्या नोंदींबद्दल लेखी खुलासा मागितला. देईन.

बाहेर सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." मी म्हटलं, "उद्या नाही, आत्तापासूनच."

घरी आले. आई घावन घालत होती. मी तिला मागून मिठी मारली तर म्हणे, "तवो तापलोहा, बाजूक हो."

"श्रावणात चिखलात गेलीस तू? मला तर दारात अडवलंस!"

"खाऊचा नाय म्हणान काय बगूचा पण नाय? देवानच केल्यान ना ती? तू त्या मनवाक फोनार ओराडलंस, न बगता लिवतंस म्हणान. माका वाटला, कोणीतरी बगूक होया." मग उलथनं हलवत म्हणाली, "आणि पाय मी खाली नळार धुवन येय. तू धुतलंस नाय."

गुडघे खरंच सुजलेत. गेला महिनाभर मला दिसले नाहीत.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. आज लालबाग झोपलंय. उद्या गाळ पडणार होता, पडणार नाही.

नोकरी शोधायचीय. दोन ठिकाणी अर्ज टाकलेत, दोन्हीकडे खुलाशाची प्रत जोडली. आई म्हणाली, वेडी आहेस. असेन. लपवून मिळालेली नोकरी नको मला. मनवाला काल घरी जाऊन सॉरी म्हटलं. आधी दार अर्धंच उघडलं तिने, मग पूर्ण.

दुपारी स्वतःच्या नोंदींची प्रत उघडली. ११ ऑगस्ट, १८ ऑगस्ट, २५ ऑगस्ट, १ सप्टेंबर. चारही शून्यं खोडली आणि तिथे लिहिलं: गेले नाही. गेले नाही. गेले नाही. गेले नाही.

मग आईला टॅक्सीत घातलं, गुडघ्याला पट्टा बांधून, आणि दोघी पट्टीवर गेलो. ती काठावर दगडावर बसून मोठ्याने मोजत होती, मी चिखलात.

७ सप्टेंबर. गेले. निवटी ३४.